देवाला दाखवलेली अमेरिका

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, तिकडे काय काय खाल्लं? मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, मी खाल्लेलं सांगू की आमच्या गावाने खाल्लेलं? कारण ज्या वर्षी मी अमेरिकेत होतो, त्या वर्षी माझ्यापेक्षा जास्त अमेरिका आमच्या आळीने खाल्ली. मी तिथे बसून पत्रं लिहीत होतो आणि इथे, आसेगावच्या बाजूच्या आमच्या गावात, माझी आई ती पत्रं शिजवत होती.

हे कळायचं तर आमच्या घरचा कायदा आधी सांगितला पाहिजे. शेतात पहिला हुरडा आला, पहिली भुईमुगाची शेंग उपटली, पहिला हरभरा घाट्यात भरला, की ते 'नवं' आधी देवापुढे जायचं. देवाला दाखवल्याशिवाय नवं कुणी तोंडात घालायचं नाही. आंबा तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वजांच्या नावाने रस वाढेपर्यंत बंदच. हा नियम गावात सगळ्यांचाच होता, पण बाकीच्या घरांत त्याला पळवाटा होत्या. शेजारची काकू खुशाल शेंग मोडून दाणे तोंडात टाकायची आणि 'भरली का नाही ते पाह्यलं' म्हणायची. माझी आई शेंग भरली की नाही हे हलवून, कानाशी नेऊन ओळखायची. त्यामुळे आमच्या घरात देवाच्या आधी कधी कुणी काही चाखलं, असं माझ्या माहितीत नाही. शिवाय वडिलांच्या गळ्यात माळ होती, त्यामुळे मांसमच्छीचा प्रश्नच नव्हता.

आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. म्हणजे गाव जागचं न हलता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं होतं आणि गावाच्या मते तेवढा प्रवास पुरे होता. तेवढ्यात विकास योजनेची जीप आली. जीपमधल्या साहेबाला परदेशी पाठवायला एक तरुण शेतकरी हवा होता. सात महिने तिथल्या शेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्याची शेती पाहायची आणि परत येऊन आपल्या लोकांना शहाणं करायचं, अशी ती योजना. साहेबाने माझे तळहात पाहिले आणि इंग्रजीतून माझं वय विचारलं. तळहातावर घट्टे होते आणि मॅट्रिक झालेलो असल्याने वय इंग्रजीत सांगता आलं. हे दोन्ही गुण एकाच माणसात असलेला तालुक्यात मी एकटाच निघालो, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. पुढे कळलं की बाकीच्या गावांचे रस्ते जीपला झेपले नाहीत म्हणून साहेब तिकडे गेलाच नव्हता.

वडील म्हणाले, "जा. पण त्यायचं वखर कसं असते ते नीट पाह्यून ये." वडिलांच्या लेखी जगातल्या माणसांचे दोनच प्रकार होते, वखर नीट चालवणारे आणि न चालवणारे.

आईला समुद्राची भीती नव्हती, थंडीची नव्हती, आणि ज्या गोष्टींबद्दल आत्या दबक्या आवाजात बोलत होती त्या गोऱ्या पोरींचीही नव्हती. तिला एकच धास्ती होती. मंगरूळपीरच्या मोटारस्टँडवर तिने दशम्यांचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं खिडकीतून आत दिलं, मग माझा हात बाहेर ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"शपथ घे," ती म्हणाली. "तिथं सारं नवंच राहीन. नवं काई दिसलं का पयले मले लिवजो. म्या देवाले दाखवीन, मंग खाजो."

"माय, पत्र पोचालेच पंधरा दिवस लागतात."

"मंग पंधरा दिवस जुनं खाजो."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी सुटत असताना माणूस कशाचीही शपथ घेतो. मी घेतली.

मला वाटलं होतं, आई देवापुढे हात जोडून वस्तूचं नाव घेईल, निरांजन ओवाळेल आणि संपलं. आईला मी तोवर बावीस वर्षं ओळखत होतो, पण ती ओळख किती वरवरची होती हे मला तिकडे पोचल्यावर हळूहळू कळणार होतं.

बोटीवर जुनं म्हणजे काय हे मी मोठ्या प्रामाणिकपणे ठरवलं. पाव अकोल्याला एकदा खाल्लेला होता, म्हणून पाव जुना. बटाटा जुना, केळं जुनं, दूध जुनं. या चार जुन्यांवर मी अर्धं जग ओलांडलं. माझ्याबरोबर पंजाबचे, मद्रासचे असे आणखी सहा तरुण शेतकरी होते. त्यांच्या आयांनी त्यांना कसल्याही शपथा घातलेल्या नसाव्यात, कारण पहिल्याच जेवणात त्यांनी टेबलावर आलेलं सगळं साफ केलं. त्यात खाऱ्या पाण्यात बुडवलेली हिरवी, बोराएवढी फळं होती. पंजाब्याने एक तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं आणि दुसरं उचललं. मी त्या फळांचं रंगरूप मनात टिपून घेतलं आणि एडनला पत्र टाकलं.

नेपल्सला बोट एक दिवस थांबली. सोबत्यांनी मला ओढतच एका खानावळीत नेलं. समोर शेवयांसारखे लांबलचक दोर, वर लाल रस्सा, आणि सगळे ते काट्याला गुंडाळून ओढत होते. मी शेजारी बसून पाव चावत होतो. खानावळीची मालकीण दोनदा येऊन माझ्या पाठीवर हात फिरवून गेली. तिला वाटलं असावं, पोरगं आजारी आहे. इतक्या लांब येऊन माणूस दुसऱ्याच्या ताटात पाहत बसतो तेव्हा त्याला प्रवासी म्हणावं की आणखी काही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मी आईला लिहिलं की इथले लोक आपल्यासारखेच सरगुंडे करतात, फक्त आंब्याच्या रसाऐवजी टमाट्याच्या रश्श्यात खातात.

अमेरिकेत मक्याच्या मुलखातल्या एका शेतावर मी पोचलो. घरात नवरा-बायको दोघंच. नवरा फार बोलत नसे. बाई मात्र पहिल्या संध्याकाळीच माझ्यासाठी काय काय रांधून बसली होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला सांगितलं, आईचं पत्र आल्याशिवाय मला हे खाता येणार नाही. मला वाटलं, हसेल किंवा रागावेल. तिने थोडा वेळ विचार केला, मान हलवली, बटाटे उकडले आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्याकडेच्या पत्रपेटीकडे ती माझ्या आधी जायला लागली. "तुझ्या आईचं उत्तर आलं का?" हे तिचं रोजचं पहिलं वाक्य.

उत्तर आलं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे गावच्या शाळेचे मास्तर पत्र वाचून दाखवत आणि उत्तरही तेच लिहीत. मास्तरांची भाषा शुद्ध आणि कचेरीतली, मजकूर मात्र आईचा. 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. आपली दोन्ही पत्रे पावली. खारवलेली हिरवी बोरे देवास दाखविली. या दिवसांत बोरे नसल्याने भोकरे खारवून घेतली. खाण्यास हरकत नाही. सरगुंडेही दाखविले. टमाटे मंगरूळच्या बाजारातून आणविले. चव बरी नाही. तेथील लोकांस रसाचा आंबा मिळत नसावा, असे आपल्या मातोश्रींस वाटते व त्यांना त्या लोकांची दया येते.'

हे पत्र मी तीनदा वाचलं. मग लक्षात आलं की देवाला दाखवायचं म्हणजे ती वस्तू करायची, ताटात घालायची, देवापुढे ठेवायची, आणि मग प्रसाद म्हणून खायची आणि वाटायची. नुसतं नाव घेऊन नैवेद्य कसा होईल? आईच्या दृष्टीने यात चकित व्हावं असं काहीच नव्हतं. चकित मी झालो, कारण मी पत्रं लिहीत होतो आणि तिकडे ती स्वयंपाकाची कृती म्हणून वाचली जात होती.

त्या दिवसापासून माझं लिहिणं बदललं. कुठलीही वस्तू दिसली की ती आपल्याकडच्या कशासारखी आहे हे मी आधी पाहायचो, म्हणजे आईला करता यावी. पत्र जायचं, तीन-चार आठवड्यांनी उत्तर यायचं, आणि ज्या दिवशी परवानगी यायची त्या दिवशी शेतकऱ्याची बायको ती वस्तू नव्याने करून माझ्यापुढे ठेवायची. एक गाय आणि दोन बायका यांच्यामध्ये मी सात महिने असा परवानगीवर जगलो. गाय दूध द्यायची आणि तिला कुणाला विचारावं लागत नसे.

चीज नावाचा प्रकार माझ्या लिहिण्यामुळे गावात गाजला. मी लिहिलं होतं की हे लोक दही बांधून, मीठ लावून, मुरवत ठेवतात आणि वास जितका उग्र तितकं ते भारी समजतात. शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. आईने दह्याचा गोळा फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत पुरला आणि वासाची वाट पाहत बसली. मास्तरांनी कळवलं, 'वास तिसऱ्या आठवड्यात आला. आपले वडील सध्या ओट्यावर जेवतात. पदार्थ देवास दाखविला. देव काही बोलला नाही. वडील बोलले, ते येथे लिहीत नाही. खाण्यास हरकत नाही.'

या परवानगीचा आनंद त्या घरातल्या बाईला माझ्यापेक्षा जास्त झाला. वडील ओट्यावर का जेवतात हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि तिने तुकडा चांगला मोठा कापला.

आता खोटं कुठे सुरू झालं ते सांगतो. मला ते ऑगस्टच्या उन्हावर ढकलता येईल. गवताचे भारे गाडीवर चढवायचे दिवस होते, अंगात कुसळं गेलेली, घसा कोरडा. शेतकऱ्याने गार बाटली माझ्या हातात दिली आणि मी ती पिऊन टाकली. निम्मी पिऊन होईपर्यंत मला हे काय आहे ते कळलेलं होतं. उरलेली निम्मी मी कळून प्यालो. रात्रभर शपथ बोचत राहिली म्हणावं, तर तसंही झालं नाही. मला उत्तम झोप लागली. सकाळी उठून आईला लिहिलं की इथे जवाचं आंबील पितात, जरा कडवट असतं, प्यावं का? म्हणजे आधी प्यायचं आणि मग परवानगी मागायची. एकदा हा रस्ता सापडल्यावर मग माझी गाडी सुसाट सुटली.

मका काढायच्या दिवसांत आजूबाजूचे शेतकरी एकमेकांच्या मदतीला येत आणि दुपारी एकाच लांब टेबलावर जेवत. मध्ये धुरावलेल्या डुकराच्या मांडीचा गुलाबी गड्डा असायचा, आणि त्याचे काप ताटाताटांत पडायचे. थंडी पडायला लागली होती. चार जुन्या पदार्थांवर आणि आईच्या मंजुरीवर मी भाजीच्या काडीसारखा झालो होतो. बाईने माझ्या ताटात काही वाढलं नाही, तिला नियम माहीत होता. मीच हात पुढे केला. ती क्षणभर थांबली, "पत्र आलं?" म्हणाली, आणि मी हो म्हटलं. म्हणजे त्या दुपारी मी दोघींशीही खोटं बोललो.

आईला काय लिहावं यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी लिहिलं, इथे सुरणासारखा एक गुलाबी कंद असतो, मीठ लावून धुरावर टांगून ठेवतात, फार चांगला लागतो. पुढे आणखी दोन-तीन वस्तू पोटात गेल्या. त्यांची नावं इथे लिहीत नाही. पत्रात मी त्यांना वांग्याच्या जातीत घातलं. आमच्याकडचं वांगं नावाजलेलं आहे, त्यामुळे आईला संशय आला नाही.

सुरण चुलीच्या वर जाळीत टांगून आठ दिवस धुरावला गेला. जवाच्या आंबिलात कडवटपणा यावा म्हणून निंबाचा पाला ठेचून घातला गेला, आणि शिरपूर जैनला दिलेली माझी आत्या ते आंबील भांड्यात घेऊन गेली. तिने आपल्या शेजारणींनाही घोटघोट पाजलं. 'सर्वांस पोट साफ झाल्याचा अनुभव आला,' असं मास्तरांनी लिहिलं. लाल भोपळ्याचा गोड पोळा मात्र मी खरा लिहिला होता आणि तो आईला उत्तम जमला. आमच्याकडे भोपळ्याला कोहळं म्हणतात. 'अमेरिकेचं कोहळं' आळीतल्या तीन घरांत पुढे सणालाही व्हायला लागलं.

हे सगळं मला पत्रांतून तुकड्यातुकड्याने कळत होतं. पत्र आलं की आळीतल्या बायका आमच्या अंगणात जमायच्या. मास्तर वाचायचे, आई ऐकायची, मग काय करायचं ते ठरायचं. मंगरूळच्या बाजारात माळणी तिला विचारायच्या, "या येळी काय लिवलं वं पोरानं?" उभ्या जन्मात मंगरूळच्या पुढे न गेलेली माझी आई आता इटलीत काय खातात, एडनला काय खारवतात, यावर ठामपणे बोलायची. आणि तिचं त्यांतलं निम्मं ज्ञान मी टेबलाशी बसून बनवलेलं होतं, हे त्या मुलखात फक्त मला माहीत होतं. मला त्याची लाज वाटत होती, असं मी आज लिहू शकतो. त्या वेळी मला मुख्यतः सुटल्यासारखं वाटत होतं.

पौषाच्या थंडीत मी परत आलो. दुसऱ्याच दिवशी दुपारी अंगणात पंगत बसली. वडील, मास्तर, आत्या, शेजारची काकू आणि आळीतली दहा-बारा माणसं. आईने सात महिन्यांतलं जमेल तेवढं सगळं एका पंगतीला केलं होतं. खारवलेली भोकरं होती, टमाट्यातले सरगुंडे होते, कणगीतला गोळा होता. तो गोळा आला तसे वडील पाट घेऊन पंगतीच्या पार टोकाला गेले. शेवटी तो धुरावलेला सुरण आला. आईने तो माझ्या पानात वाढला आणि पळी हातात धरून समोर उभी राहिली. सगळी पंगत माझ्याकडे पाहत होती.

मी घास घेतला. सुरण खाजरा होता आणि त्याला गोवरीच्या धुराचा वास होता.

"हुबेहूब," मी म्हणालो.

पंगतीत एकच गलका झाला. काकू मांडीवर हात मारून म्हणाली, "म्या म्हटलं होतं न! हे बाई हात लावीन तं कायबी जमते." मास्तरांनी चष्मा पुसला, आत्याने आंबिलाची चौकशी केली आणि मी तेही हुबेहूब असल्याचं सांगितलं. त्या दिवशी मी अंगणात बसून अख्खी अमेरिका हुबेहूब केली. आईने मात्र पळी भांड्यात ठेवली आणि ती आत गेली. मला वाटलं, सकाळपासून चुलीपुढे आहे, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी घरची माणसं कापूस वेचायला गेली होती. आई ओसरीत सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने वर न पाहता विचारलं,

"काल खरं बोलला का रे?"

"कशाचं?"

"त्या कंदाचं. आन् त्या आंबिलाचं. तिथं असंच लागते?"

"हाव वं माय. अगदी असंच."

एक खडा काढून तिने अंगणात टाकला.

"मंग तू एवढ्या दूर काहून गेलता?" ती म्हणाली.

आई बोलायला लागली. ती एका दमात एवढं कधी बोलत नसे.

"म्या करो, देवापुढे ठेवो, मंग खाओ. आन् दरखेपी वाटे का हे तं आपलंच सुरण हाये, धुराचा वास लागलेलं. हे तं आपलंच आंबील हाये, कडू झालेलं. मंग मले वाटे, आपल्याले जमलं नाई. तिथलं औरच असंन. खातांना म्या डोये बंद करून बसो, का तिथलं कसं असंन, कसं असंन. बायका म्हनत, चांगलं झालं. मले मालूम होतं का चुकलं. लय बरं वाटे मले, का आपलं चुकलं, खरं और हाये." तिने सूप हलवलं. "आन् तू आला तं म्हनतं, हुबेहूब. म्हंजे सात समुद्रापल्याडही सुरणच."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. जन्मभर मंगरूळच्या पुढे न गेलेल्या बाईला तिच्याच मुलाने काल भर पंगतीत सांगितलं होतं की पुढे काही नाही. सात महिने मी तिचं मन राखतो आहे अशी माझी समजूत होती. मी माझी सोय राखत होतो आणि तिच्या वाट्याचं जग खाऊन बसलो होतो. मला तिच्याकडे पाहवेना.

"माय," मी म्हणालो, "ते सुरण नव्हतं."

"मंग काय होतं?"

मी सांगितलं. मांडी, डुक्कर, मीठ, धूर. मग आंबील काय होतं ते सांगितलं. मग वांग्याच्या त्या दोन-तीन जाती. तिचा हात सुपात तसाच थांबला. पदर तोंडापाशी गेला आणि ती आतल्या देवघराच्या दिशेने पाहत राहिली. मला वाटलं, आता ही उठेल, देव धुवायला घेईल, माझं पान वेगळं मांडेल, बाबा आल्यावर त्यांना सांगेल. यांतलं काहीही तिने केलं असतं तरी मी ते निमूट सोसलं असतं.

"तुह्या हातानं मी देवाले खोटं दाखोलं," मी म्हणालो. "माह्यं चुकलं."

"म्या देवाले सुरण दाखोलं आन् सुरणच म्हटलं," ती हळू आवाजात म्हणाली. "खोटं तं तू बोलला. देवाचं मी पाह्यून घेईन. तुह्या बाबाले सांगू नोको."

अंगणात चिमण्या ज्वारीवर टपून होत्या, त्यांना तिने हाकललं नाही. मग तिने पदर तोंडावरून काढला.

"आता मले खरं सांग," ती म्हणाली. "कसं लागते?"

"डुकराचं?" माझा कानांवर विश्वास बसेना.

"हाव. तेच."

"म्हंजे पाह्य, जसं आपलं..."

तिने हात वर केला. "आपलं नोको सांगू. आपलं मले माईत हाये."

सात महिने मी जगातली एकूणएक वस्तू आमच्या शेताच्या बांधाला आणून बांधली होती. आता बांध काढून घेतल्यावर मला एक अक्षर सुचेना. मी डोळे मिटले आणि त्या लांब टेबलावर परत जाऊन बसलो. आधी मीठ येतं, मी म्हणालो, आणि मीठ संपायच्या आत मागून गोड येतं. तो गोडवा गुळाचा नसतो, साखरेचाही नसतो. मग धूर येतो. पण तिथलं लाकूड निराळं, ते झाड आपल्याकडे नाही, त्या धुराला ओल असते. आणि हे सगळं गिळून झाल्यावर तोंडात काहीतरी उरतं, त्याला मला शब्द नाही. असं मी एकेक शब्द चाचपडत सांगत होतो आणि ती पापणी न हलवता ऐकत होती.

"कशासारखं उरते?" तिने विचारलं.

मी खूप शोधलं. आमच्या शेतात, बाजारात, चुलीवर, जत्रेत जे जे खाल्लं होतं ते सगळं आठवून पाहिलं.

"कशासारखंच नाई, माय," मी म्हणालो. "आपल्याकडं तसं काईच नाई."

आईने हातातली मूठभर ज्वारी सुपात सोडली. मी आल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला.

"हाव न," ती म्हणाली. "मले वाटलंच होतं."

मग तिने सूप बाजूला सारलं आणि ती माझ्याजवळ सरकून बसली.

"आता त्या आंबिलाचं सांग."